सातवी काठी

एकवीस वर्षं मी फळ्यावर हिमनदी काढली.
निळा खडू मिळायचा नाही, म्हणून पांढरीच.
शेजारी एक बाण : वितळण्याची दिशा.
मुलं बाणासकट पाठ करायची,
बाणासकट विसरायची.
वर्गाच्या खिडकीतून ती खरीखुरी दिसायची,
पण परीक्षेत खिडकी येत नाही.

यंदा ऑगस्टात वर गेलो.
अकरा मुलं, दोन गाढवं, एक मोजपट्टी
आणि एर्मेकच्या मामाचा चिडका घोडा.
नारिनहून आलेला तिलेक, पोरगेलासाच,
गेल्या वर्षी त्यानं बर्फात नऊ काठ्या रोवल्या होत्या.
"काठी जितकी उघडी, तितका बर्फ गेला,"
एवढं सांगून तो चहाला बसला.

पहिली काठी एर्मेकनं मोजली : एक मीटर चौदा.
आयझादानं मोजली : सोळा.
मग मी, चष्मा पुसून : तेरा.
आमच्याकडे उत्तर एकच असतं,
पुस्तकाच्या शेवटच्या पानावर.
मुलं माझ्याकडे बघायला लागली, मी तिलेककडे.
"तिन्ही लिहा," तो म्हणाला.

सातवी काठी आडवी पडली होती.
बेगायिम तिच्यापाशी उकिडवी बसली,
कान वाऱ्यानं लाल, पेन्सिल दातात.
"एजे, सहावी आहे, आठवी आहे,
मधला आकडा काढता येईल की."
ही हुशारी तिला मीच शिकवली होती.
एर्मेकला भूक लागलेली. "शून्य टाक आणि चल."

तिलेकनं पेला खाली ठेवला.
"शून्य म्हणजे मोजलं, आणि काहीच गेलं नाही.
इथं आपल्याला कळलेलं नाही.
दोन्हींत डोंगराएवढा फरक आहे."

तिनं रकान्यात रेघ मारली,
आडवी, त्या काठीसारखीच.
पुढं तारीख, वेळ, सही.
सही करताना जरा ताठ झाली होती,
दहा वर्षांत तिच्या कुठल्याच उत्तरावर
कुणी सही मागितली नव्हती.

उतरताना घोड्यानं आमचा पाव खाल्ला.
नोंदवही बेगायिमच्या कोटात, आत, पोटाशी.

काल पेपर तपासत होते.
तिचा चौथा प्रश्न. उत्तराच्या जागी एक रेघ.
पुढं तारीख, वेळ, सही.

शेवटच्या पानावर शोधलं,
याला किती गुण द्यायचे.
लाल पेन हातात धरून बराच वेळ बसले.
खिडकीतून ती दिसत होती.