उन्हाळी शिबिर, दिवस सहावा

जुन्या चावडीत आता दोन खोल्यांचं संग्रहालय आहे.
एका खोलीत हंडे, मापटी-चिपटी, गंजलेली तलवार,
दुसरीत पंखा.
म्हणून मुलं दुसऱ्या खोलीत.

एकवीस नावं लिहिली होती, चौदा आली.
बाकीची काजूबिया वेचायला,
एकजण नंदगडला लग्नाला गेला तो तिथेच रमला.
मी बेळगावहून सात वीसच्या बसने येते,
ड्रॉइंगची बाई,
दहा दिवसांपुरती इतिहासाची.
पहिल्या दिवशी गावाचा नकाशा काढायला सांगितला
तर प्रत्येकाने आपलंच घर मधोमध काढलं.
मी कुणाचंही खोडलं नाही.

आज ठसा घ्यायचा.
मागच्या अंगणात, फणसाखाली, वीरगळ.
मांडीपर्यंत मातीत रुतलेला, एका अंगाने झिजलेला.
राखणदार ओमाणा गुरव सांगतो,
"ह्याच्यावर आम्ही कोयते पाजवायचो की हो,
कुणाला ठाऊक होतं."

आधी पाणी. मग मऊ ब्रश.
मग ओला कागद, तापलेल्या कपाळावर
पाण्याची घडी ठेवावी तसा.
मग थोपटायचं.
"मारू नको रे वैजू. झोपवतोयस असं समज."
वैजूने थोपटलं.
दगड काही झोपला नाही.
काजळीची पुरचुंडी फिरली तशी
खालच्या पट्टीत एकेक गाय
उठून उभी राहिली.

त्यावर तो, ढाल-तलवार घेऊन.
त्याच्यावर पुन्हा तोच, दोघींनी काखेत हात घालून उचललेला.
अगदी वर चंद्र-सूर्य,
आणि पट्ट्यांच्या मध्ये दीड ओळ अक्षरं.
दानेश्वरी कन्नड शाळेतली, तिला एक अक्षर ओळखीचं वाटलं.
वैजू मराठी शाळेतला, त्याला तेच अक्षर
वेगळंच कुणीतरी वाटलं.
दोघं बराच वेळ भांडली, अर्धं ह्या भाषेत, अर्धं त्या.
शेवटी वैजूने मलाच विचारलं,
"बाई, हा आपला, का त्यांचा?"

माझ्याकडे टिपण होतं. घराणं, शतक, अंदाजे सन.
मी पिशवीत चष्मा शोधत राहिले.
ओमाणा तंबाखू मळता मळता म्हणाला,
"गुरांचा."
मग चुना लावला.
"गोठ्यातली गुरं पळवली कुणीतरी. हा मागं गेला.
गुरं आली परत."

फणसावरून एक मुंगळा उतरला, ओल्या कागदावर
गायींमधून चालत गेला. कुणी त्याला झटकलं नाही.

चेहरा मात्र उमटेना.
नाक-डोळे हवेत तिथे कोरा कागद.
सर्वांत लहान सातेरी, त्याला हे पटेचना,
तो तिथेच बोट दाबत राहिला, दाबत राहिला,
आणि कागद काढला तेव्हा
वीराच्या तोंडाच्या जागी
सातेरीचा अंगठा, सगळ्या रेषांसकट.
ह्याला ठसा बिघडला म्हणतात.
मी तसं म्हणाले नाही.

मग चिरमुरे, आमसुलाचं सरबत,
सांडलेल्या काजळीवरून थोडी रडारड.
प्रमाणपत्रं ऑफिसातून नंतर येणार आहेत,
नावं चुकलेली असतील, हे मला आत्ताच माहीत आहे.
ठसा कुणी घरी न्यायचा म्हणून चिठ्ठ्या टाकल्या.
दानेश्वरीची निघाली.

संध्याकाळच्या बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर,
मांडीवर सैल गुंडाळी, दोन्ही हातांनी सावरलेली.
कंडक्टरने तिला शून्याचं तिकीट दिलं, बाईमाणूस म्हणून,
आणि गुंडाळीकडे बोट केलं,
"एन इदरोळगं?"
ती आधी "कल्लु" म्हणाली.
मग थोडं थांबून, मराठीत,
"माणूस आहे."
"मग तिकीट लागतंय की त्याला," तो हसला.
"जिता हाय काय?"

तिने गुंडाळीची कड उलगडली,
आत बोट घातलं,
काळं झालेलं बोट उजेडात धरून बघितलं.
"अजून ओला आहे," म्हणाली.