सातवं बाकडं

पहिल्या तेवीस पायऱ्या माझ्या.
म्हणजे महापालिकेच्या, पण टेबल माझं.
चोविसावीपासून खाली सागरी मंडळ.
दिव्याचा खांब आमचा, त्यातली वीज कंपनीची,
चिखल वनखात्याचा, कारण चिखलात तिवरं आहेत.
आणि खाडीचं पाणी कुणाचं,
हे एकदा साहेबांना विचारलं, तर म्हणाले,
भरतीचं की ओहोटीचं?

कोळंबपाड्याच्या धक्क्याची
चोविसावी, पंचविसावी, सव्विसावी
एका रात्रीत गेली.
फाइलमध्ये ‘गेली’ लिहीत नाहीत,
‘अंशतः क्षतिग्रस्त’ लिहितात.

स्टेला कोरिया आठवड्यातून तीनदा पलीकडे जाते.
‘कपडे घरी धुते, रक्त बोरिवलीला.’
जाताना भरती गाठता येते.
येताना मशीन सोडेल तेव्हा,
आणि मशीनला तिथी कळत नाही.
मग सुजीत आणि ग्रेगरी
तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून होडीतून उतरवतात,
मांडीपर्यंत रुतलेले.
वरून ती सांगते,
‘हळू रे. पण हळू म्हटलं म्हणून सहा महिने लावू नका.’

मी अकरा पत्रं लिहिली.
उत्तरं आली चार.
पहिलं म्हणालं, विषय आपल्याच अखत्यारीतला.
दुसऱ्यानं पायऱ्यांचा सातबारा मागितला.
तिसरं: निधी मंजूर, वर्ग होणे बाकी.
चौथं: निधी वर्ग झाला होता,
मुदतीत खर्च न झाल्याने शासनास परत.
तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये एकोणीस दिवस.
म्हणजे पैसे आले होते. आमच्या वॉर्डात, आमच्या खात्यात,
एकोणीस दिवस राहिले होते,
आणि मी तेव्हा चौथ्या पत्राचा मसुदा शुद्ध करत होते.

एकतीस मार्च, रात्रीचे पावणेदहा.
सुशोभीकरणाच्या शीर्षाखाली शिल्लक निघाली.
वरून फोन आला: संपवा.
मी म्हटलं, पायऱ्या?
ते म्हणाले, पायऱ्या सुशोभीकरणात बसत नाहीत.
बाकडी बसतात.
बाकडी कुठेतरी तयारच असतात,
पाठीवर नाव रंगवायचं तेवढं बाकी.
बिल पास केलं. सही माझी आहे,
कुणीही काढून बघावी.

सात बाकडी आली, स्टीलची, चकचकीत.
धक्क्यावर एका ओळीत, खाडीकडे तोंड करून,
गेलेल्या पायऱ्या परत येतील
म्हणून बसवल्यासारखी.
बसायला तिथे फक्त कावळे. आणि एक कुत्रा,
तोही बाकड्याखाली.

जूनमध्ये तपासणी आली.
तपासनीस धोंगडे, हातात रजिस्टर, डोक्यावर रुमाल.
बाकडी सहा.
सातव्याच्या जागी चार बोल्टांची चार भोकं,
त्यात पाणी साठलेलं.
मी कडेपर्यंत गेले.

ओहोटी होती.
सातवं बाकडं खाली आडवं,
एक टोक तेविसाव्या पायरीला, दुसरं दगडांवर.
गंजक्या सळ्यांना नायलॉनच्या दोरीनं आवळलेलं.
घसरू नये म्हणून वर जुन्या जाळ्याच्या दोन घड्या.
सौजन्यवाल्यांचं नाव चिखलात, उलटं.
आणि त्यावरून स्टेला कोरिया येत होती.
ग्रेगरीच्या खांद्यावर एक हात,
दुसऱ्यात औषधांची पिशवी,
चपला काढून, स्वतःच्या पायांवर.
मधे एकदा थांबली, दम घेतला,
माझ्याकडे बघितलं
आणि पिशवी पुढे केली, धर म्हणून.

मागून धोंगडे म्हणाले,
मॅडम, सहाच भरतात.

पिशवी हातात होती,
म्हणून रजिस्टर भिंतीवर ठेवून लिहिलं:
सात. जागेवर. वापरात.
धोंगड्यांनी खाली डोकावून पाहिलं.
मग रुमालानं मान पुसली आणि सही केली.

शेऱ्याचा रकाना मात्र कोराच आहे.
खाऱ्या पाण्यात स्टील किती वर्षं टिकतं,
हे मी त्या रात्री दरसूचीत शोधलं.
पान सापडलं नाही.