ठराव क्रमांक सात

ढालगावच्या पठारावर एकवीस पवनचक्क्या,
त्यातल्या सहा नुसत्याच उभ्या, मान वळवून.
तेरा वर्षांचा वीजखरेदी करार संपला.
वाऱ्याला मात्र तसं कुणी कळवलेलं नाही.

तो येतो, ग्रामसभेच्या सतरंजीचं टोक उचलतो.
मी ग्रामसेवक, इतिवृत्त लिहितोय.

कंपनीचे साहेब म्हणाले, परवडत नाही,
लिलावात युनिटचा दर पार खाली आलाय.
सरपंच ओलेकरबाई म्हणाल्या,
नव्याला नवा दर द्या की,
पण जुन्या पात्याला ग्रीस लागेल
एवढं तरी शासनानं ठेवावं.
आणि ग्रामपंचायतीचा थकलेला कर?
साहेबांनी पाणी मागितलं.

सलीम मुलाणी बावीस वर्षं ती शिडी चढतोय.
म्हणाला, वरून रात्री मिरज झगमगताना दिसते,
आणि खाली आपली डीपी जळालेली.
वीज इथनं जाते ती थेट,
परत येते ती बिलाला धरून.
चार चक्क्या गावाच्या नावावर करा,
सोसायटी काढू, मी फुकट चढीन.

मागनं यल्लव्वा उठली. शेरडं सोडून आली होती.
"जमिनीचा सातबारा साहेबांकडं,
वाऱ्याचा कुणाकडं?"

सभा हसली.
मी हसलो नाही, मला ते लिहायचं होतं
आणि नमुन्यात तसा रकाना नाही.

सूचक : यल्लव्वा बिरा कोळेकर.
अनुमोदकाची जागा अजून कोरी आहे.
कागद फडफडतोय.
वर दगड ठेवलाय,
पठारावरचाच.