हाफ तिकीट

धरणावर बोट सुरू झाली म्हणून
उन्हाळ्याच्या सुट्टीत पोट्ट्यांना घेऊन गेलो.
फुल दोन, हाफ दोन.
नारिंगी जाकिटात निशांक पार बुडालेला,
फक्त डोळे वर.

"समुद्र असाच असते का, मा?"
असंल, म्हटलं. मी कुठं पाहिला.

रेणू मुरमुरे सोडत होती पाण्यात, एक एक,
मोजून.

मधेच बोटवाल्यानं इंजिन बंद केलं.
चिंचेचा वाळका शेंडा दिसला
तेव्हा समजलं कुठं आहोत :
खाली आमची चावडी,
बाजूला हापशी, जिथं शेवंता अन् मी
गुंडाच्या नंबरावरून भांडलो होतो.
तिचं सासर आता कुठं, माहीत नाही.

सांगावं म्हटलं पोरांना.
तेवढ्यात निशांक ओरडला, "मासा! मासा!"

माशानं मुरमुरा तोंडात धरला
अन् वळून गेला
आमच्या गल्लीत.