उजेडाचा दर

सोमवारी सकाळी मी वास्तुविशारद असते,
दुपारी दीडनंतर ठेकेदार.
मध्ये चेरीच्या झाडांचा चौक,
सँडविच खात ओलांडायला चार मिनिटं.
तेवढ्यात भाषा बदलावी लागते:
इकडे भिंत श्वास घेते,
तिकडे तिला एकशे बारा मनुष्य-तास लागतात.

आई म्हणते, दोन डगरींवर पाय, लाविनिया,
पडशील.
मी म्हणते, पाण्यातच पडेन ना, पोहता येतं.
(सामोआच्या लेकी हे समुद्रात शिकतात म्हणे.
मी टॅकोमात वाढले, क्लोरीनच्या तलावात शिकले.)

या सत्रात मी वाचनालय काढलंय. लहानसं,
बंद पडलेल्या गोदामाच्या जागेवर,
छतात उत्तरेकडे कललेली एक लांब काच.
स्क्लार बाई मॉडेलवर वाकल्या,
बराच वेळ काही बोलल्या नाहीत,
मग चष्मा काढून म्हणाल्या,
"काहीही बदल. या काचेला हात लावू नकोस."

बुधवारी ओडेगार्ड सरांनी
ज्याचे नकाशे त्याच्याच हातात दिले.
"आता मोजा."
सळई टनात, सेंटरिंग चौरस फुटात,
क्रेनचे दिवस, पावसाचे दिवस
(सिअ‍ॅटलमध्ये हा रकाना मोठा ठेवतात).
रात्री अकराला बेरीज आली:
एक्याऐंशी हजार डॉलर जास्त.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, खरं आहे,
पण इथे पायही माझे
आणि अंथरूणही मीच घातलेलं.
लाल पेन घेऊन यादीत वरून खाली उतरले.
दारांच्या पितळी मुठी वाचल्या. जिना वाचला.
काच गेली.
सगळ्यात महाग तीच होती
आणि तिच्यावाचून काही कोसळत नव्हतं.

मग स्टुडिओत जाऊन मॉडेलच्या छतावर
पुठ्ठ्याचा एक तुकडा ठेवला.
आत खुर्च्या होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या.
दिसेनाशा झाल्या.

बाबांचा स्लॅब पहाटे चारला होता, केंटमध्ये.
झोप नव्हतीच, कॉफी घेऊन गेले.
दिव्यांच्या खांबांखाली बाबा गुडघ्यांवर,
फळ्या सरकवत मागे मागे येणारे,
थापीचे अर्धगोल, एकावर एक,
जणू तापलेल्या पोराची पाठ चोळतायत.
तीस वर्षांचे गुडघे. त्यातला एक आता स्टीलचा.

काचेचं सांगितलं.
हात न थांबवता म्हणाले,
"वरून तिरका उजेड येणार असेल
तर कोबा आणखी एकदा घोटावा लागतो.
नाहीतर थापीचा प्रत्येक फटका दिसतो.
हे कुठल्या वर्गात शिकवतात,
सकाळच्या की दुपारच्या?"

कुठल्याच नाही.

त्यांनी काँक्रीटवर अंगठा टेकवला,
उचलला, ठसा पाहिला.
"अजून वीस मिनिटं,"
आणि कॉफीकडे वळले.

परतीच्या बसमध्ये तक्ता पुन्हा उघडला.
काचेची ओळ परत आणली, रुंदी निम्मी केली.
तिच्याखाली एक नवी ओळ:
कोबा, दुसरा हात. माणसं दोन, तास सहा.
बेरीज अजूनही जास्तच आहे,
तेवीस हजारांनी.
मी दारांच्या मुठींकडे पाहतेय.