बिदियाला जायचं ठरतंय

शुक्रवार नको, जुबेदा म्हणाली,
शुक्रवारी तिथे माणसं असतात.
म्हणजे कामाची माणसं,
तुझ्यासारखी बघायला आलेली नव्हेत.

मग शनिवार. सातला शारजा सोडलं
तर नऊच्या आत डोंगर ओलांडून समुद्र दिसेल,
जोहरला तेव्हा तीन तास बाकी.
नवरा म्हणाला, एवढ्याशा मशिदीला तीन तास?

ऑफिसात मी बेचाळीस मजल्यांचे नकाशे काढते.
त्याला कसं सांगू,
वर चार घुमट, चारही निरनिराळे,
आणि खाली मधोमध एकच खांब.
दगड, माती, वर हाताने लिंपलेला गिलावा.
याचा नकाशा कोणी काढला असेल?
बहुधा कोणीच नाही.
काठीने वाळूत चार गोल ओढले असतील,
मधे एक टिंब,
आणि भरतीच्या आत कामाला लागले.

तयारी म्हणाल तर
लांब बाह्यांचा कुर्ता,
सुती ओढणी, न घसरणारी,
(दारात अबाया देतात म्हणे, पण माझ्या उंचीचा
अजून कोणी शिवलेला नाही)
भोक नसलेले मोजे.
आणि टेप.

टेप कशाला?
जुबेदाच्या हातात माझी ओढणी, दातांत टाचणी,
शब्द फटीतून आले:
रोज कोणी ना कोणी कपाळ टेकतं तिथे.
तू टेप लावणार?

मी टेप खणात टाकली.

टाचणी लागली. गाठ बसली.
मला आरशासमोर उभं करून ती
खिडकीतून खाली बघत राहिली जरा वेळ.
आमच्या म्हसळ्याच्या मशिदीला खांब किती,
मला नाही माहीत, म्हणाली.
आम्ही पोरी ओट्यापर्यंत. अब्बांचं जेवण द्यायला.
इथे जाते ती वरच्या मजल्यावर, काचेआड.
मग थांबून,
बघायला आलेल्या बायकांना
आत सोडतात ना गं?

सोडतात, मी म्हटलं. नमाजाची वेळ सोडून.

हं.

म्हणजे आता दोघी. मोज्यांचे दोन जोड.
सांदणं ती करणार, थर्मास माझा.
नवरा गाडी चालवेल आणि मागच्या टेकडीवर
बुरुजापर्यंत चढून फोटो काढील.
आणि निघताना, दारात, चप्पल घालता घालता
तिनेच खण उघडायला लावला:
घुमट बाहेरून मोज हवे तेवढे.
खांब मात्र वितीने.
आणि मी दोन रकात पढेन तेवढा वेळ
तू तुझी वीत आवरून
उभी राहा कडेला.