केवडा

पांढरी माशी चालताना दिसत नाही.
चवळीच्या वेलाला गुडघा लागला की उठते,
कुणी पिठाची चाळण झटकावी तशी,
आणि वळून पाहीपर्यंत
पुन्हा पानाखाली जाऊन बसलेली असते.

धुडकू आप्पांनी शिकवलं तेवढंच:
पान उलथं करी देख, बेटा.
वरथून ते समदं हिरवंच ऱ्हास.

मी उलटं करते.
दहा झाडं, प्रत्येकाची तीन पानं,
शेंड्याचं, मधलं, बुडाचं,
ऊन चढायच्या आत, ती आळसावलेली असताना.
वहीत तारीख. वहीत आकडा.
वही धाकटीची, भूगोलाची;
पुढून तापीचं खोरं, मागून माशा.

शेजारच्या वावरात रघुनाथभाऊंचा पंप
दर चार दिवसांनी घुरघुरतो.
त्यांच्याकडे माशी मरते आणि वाढते.
ढालकिडे फक्त मरतात.

आम्ही तेलाचे रिकामे डबे जमवले,
शाळेची कमान रंगवून उरलेला पिवळा दिला,
वरून एरंडेल चोपडलं,
काठ्यांवर उलटे घातले, पिकाच्या डोक्याहून जरा वर.
पिवळ्याची भूल पडते तिला.
चोपड्याहून येणारा टेम्पोवाला थांबला,
लगीन कोनं शे?
आप्पा म्हणाले, माशीनं.

तरी केवडा आलाच.
वेणीत माळतात तो नव्हे.
पानावर उमटतो तो, आधी एक ठिपका,
मग शिरांच्या मधून मधून हळद सांडत गेल्यासारखा.
सुंदर दिसतो. लिहायला लाज वाटते.

अडत्याच्या गाळ्यात शेंग मोडून बघतात.
कट् वाजली तर एक भाव.
आखूड, वाकडी, डागाळलेली दुसऱ्या ढिगात;
तिचा भाव विचारायचा नसतो, सांगितला जातो.
दोन ढिगांमधलं अंतर हातभर.
त्या हातभरात बसते
तोडणीची मजुरी, टेम्पोचं भाडं, धाकटीचा चष्मा.

म्हणून एका सकाळी बत्तीस झाडं उपटली मी.
फुलावर आलेली.
काहींना दोन-दोन शेंगा, काडीएवढ्या.
गोणीत कोंबली, तोंड बांधलं, खड्ड्यात पुरली,
माशी उठून दुसऱ्या पानावर बसायच्या आत.
आप्पा बांधावर उभे होते, बोलले नाहीत.

एक झाड मी चुकवलं.
शेंड्याला तीनच ठिपके होते.
वहीत ते धरलेलं नाही.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी तिथे गेले,
वाकले,
पान उलटं केलं.